सेरापिसच्या डोक्यावर जे आहे, त्याला काय म्हणावं?

व्हॅटिकन संग्रहालयाच्या गोल दालनात सेरापिस देवाचा संगमरवरी 'बस्ट' आहे. भरघोस दाढी, कपाळावर उतरलेल्या बटा, डोक्यावर डब्यासारखं काहीतरी. चित्राखाली 'मुकुटधारी सेरापिसचा अर्धपुतळा' असं लिहिलं तर चालेल का?

— मुकुट नको. ते धान्य मोजायचं रोमन माप, 'मोडियस'. साधारण ८.७ लिटरचं. इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात अलेक्झांड्रियात हा देव पुढे आला. नाव ओसिरिस-एपिस या इजिप्शियन देवांच्या जोडीवरून, चेहरामोहरा पार ग्रीक. सुगी आणि पाताळ ही दोन्ही खाती त्याच्याकडे, म्हणून डोक्यावर माप. आपला वाचक 'मुकुट' वाचून विष्णूचा किरीट डोळ्यांपुढे आणणार, कारण तोही गोल आणि उभट. पण किरीट वर निमुळता होतो, मोडियस वरच्या बाजूला पसरतो. लंडनला वॉलब्रुकच्या रोमनकालीन मिथ्र देवाच्या मंदिरात १९५४ मध्ये उत्खनन झालं, तिथल्या सेरापिसच्या मस्तकाचा फोटो शोधा. त्याच्या मापावर ऑलिव्ह कोरलेला आहे.

— मग सरळ 'पायली' म्हणा की!

— पायली म्हटली की चार शेर आले, आणि पायली तर मुलखागणिक बदलते. मोडियसचे भाग सोळा, त्यांना सेक्स्टारियस म्हणत. उगाच हिशेब कशाला जुळवायचा? नुसतं 'माप' छान आहे. नवी सून उंबरठ्यावरचं माप ओलांडते, तेव्हा ते शेराचं की अधोलीचं, हे कोण विचारतं?

— 'अर्धपुतळा'ही मला खटकतो. अर्धा म्हणजे कंबरेपर्यंत वाटतो. छातीपर्यंतच असेल तर 'आवक्ष'; आजानुबाहूमधला 'आ' तोच. आणि पुतळा चौकातल्या पुढाऱ्याचा, देवाची मूर्ती.

— पण इथे पूजा कुठे चालू आहे? संग्रहालयात 'शिल्प' म्हणतात.

— पूजा थांबली म्हणून मूर्तीचा पुतळा होत नाही हो. आपल्या संग्रहालयांतल्या विष्णूला आपण मूर्तीच म्हणतो. 'शिल्प' चुकीचं नाही, पण त्यात नक्षीचा खांबही बसतो.

— बरं, मग असं लिहितो: 'डोक्यावर धान्याचं माप असलेला सेरापिस. आवक्ष मूर्ती, संगमरवर, रोमन काळ.'

— उत्तम. फक्त 'असलेला' काढा. 'सेरापिस, डोक्यावर धान्याचं माप' एवढं पुरे.