दारापलीकडच्या कादंबऱ्या: वाचकगटात चर्चा नेमकी कशावर करावी?

दादर_पश्चिम: आमच्या वाचकगटाची पुढची बैठक पोर्टल फँटसीवर आहे. कपाट, आरसा, बीळ, वावटळ अशा कुठल्यातरी वाटेने माणूस दुसऱ्या जगात जातो, त्या कादंबऱ्या. पंचाईत अशी की प्रतिक्रिया 'मस्त कल्पना' नाहीतर 'पोरांचं पुस्तक' इथवर येऊन थांबतात. मंडळी बहुतेक लोकलमध्येच वाचतात, तेव्हा जाडजूड नको. दोनच घ्यायची तर कोणती? आणि नार्नियाच्या सात भागांत सुरुवात कुठून करायची?

पानखूण: नार्नियाचं आधी. हल्लीच्या संचांत १ हा आकडा 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर असतो, कारण कथेतल्या काळानुसार तो पहिला. प्रत्यक्षात तो १९५५चा, म्हणजे सहावा. तुम्ही १९५०चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आधी घ्या. बर्फाळ जंगलात मधेच दिव्याचा खांब कसा, हे 'नेफ्यू'त उलगडतं. उत्तर आधीच कळलं तर त्या खांबाची गंमत गेली.

चर्चा दाराच्या नियमांवर न्या. कोणाला आत जाता येतं, तिकडे वेळ कसा चालतो, परत येताना काय सुटतं? चार भावंडं तिथे राज्य करत मोठी होतात आणि कपाटातून बाहेर पडतात ती पुन्हा लहान होऊन. इकडे क्षणही सरलेला नसतो. मोठ्या वाचकांना खटकतं ते हेच. सगळं तारुण्य जगून झालेली माणसं परत शाळकरी होतात आणि नार्नियाचा लेखक सी. एस. लुईस ते दोन-चार ओळींत उरकतो. १९५६च्या शेवटच्या भागात तर सुझन नाहीच. तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि आमंत्रणं यांपलीकडे काही सुचत नाही, असं इतर पात्रं म्हणतात. एवढ्यावरच तुमचा तासभर जाईल.

बोरिवली_स्लो: पानखूण यांना +१. दुसरं पुस्तक म्हणून शॉनन मॅग्वायरचं 'एव्हरी हार्ट अ डोअरवे' (२०१६) घ्या. लघुकादंबरी आहे, दोनशे पानांच्या आत. पलीकडे जाऊन आलेल्या आणि पुन्हा तिकडेच जाऊ पाहणाऱ्या मुलांचं वसतिगृह, म्हणजे लुईसने सोडून दिलेला प्रश्न इथे पहिल्या पानापासून. यातली जगं नॉन्सेन्स की लॉजिक, सद्गुण की दुष्टपणा अशा दिशांवर मांडली आहेत. बैठकीत प्रत्येकाला नार्निया त्यात कुठे बसतं ते विचारा, गप्प बसणारेही बोलतील. पण यात खून आहेत आणि तेही अंगावर येणारे, त्यामुळे 'मुलांचं पुस्तक' समजून कोणी घरच्या दहा वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नका.

शब्दकोडं: अशा कादंबऱ्यांत मधेच कंटाळा का येतो, त्याचं कारण समीक्षक फारा मेंडलसनच्या २००८च्या 'ऱ्हेटोरिक्स ऑफ फँटसी'त सापडतं. नायक नवखा, आपणही नवखे, मग कोणीतरी वाटाड्या येऊन त्या जगाचा इतिहास ऐकवत बसतो आणि आपण तो मुकाट्याने खरा मानायचा. प्रवचन सुरू झालं की वाचक गळतात.

मिखाएल एंडेने 'द नेव्हरएंडिंग स्टोरी'त (१९७९) यातून छान वाट काढली. बास्टियन हा मुलगा निम्मं पुस्तक बाहेर बसून तीच गोष्ट नुसता वाचत असतो; २६ प्रकरणांपैकी बारावं संपताना तो आत जातो. पुढे प्रत्येक इच्छेगणिक त्याची एकेक आठवण जाते. १९८४चा सिनेमा साधारण पूर्वार्धावरच आहे, म्हणून सिनेमा पाहून आलेले 'पुढे भलतंच चाललंय' म्हणतात. खरं पुस्तक तिथूनच सुरू होतं. लोकलसाठी मात्र जाड आहे.

दादर_पश्चिम: आभार. हॅरी पॉटरचा पावणेदहा नंबरचा फलाट यात धरायचा का? आणि 'शेवटी स्वप्नच निघतं' म्हणणाऱ्यांना काय सांगू?

पानखूण: फलाट माझ्या मते नाही. तिकडची माणसं लंडनमध्येच वावरतात, पोरगा दर उन्हाळ्यात घरी येतो. वेगळं जग असं नाहीच.

स्वप्नाची तक्रार 'ॲलिस इन वंडरलँड'ला (१८६५) लागू आहे, 'विझर्ड ऑफ ऑझ'ला नाही. ऑझचं स्वप्न १९३९च्या सिनेमाने केलं. बॉमच्या १९००च्या पुस्तकात डोरोथी खरोखर गेलेली असते: परतते तेव्हा वावटळीत उडालेल्या घराच्या जागी काकांनी नवं बांधलेलं असतं, आणि चांदीचे बूट वाटेत वाळवंटात पडून जातात. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या, कोणी वाचलंय आणि कोणी नुसतं पाहिलंय.