मदत हवी आहे: चाळ पाडणार, काकूंचं पाळणाघर कुठे न्यायचं? (भांडुप पश्चिम)

स्लोलोकल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही टेंभीपाड्याच्या बाजूला राहतो. लेक सव्वादोन वर्षांचा. आठ महिन्यांचा होता तेव्हापासून आमच्याच गल्लीतल्या एका काकूंकडे असतो. काकूंनी कधी पाटी लावली नाही. चाळीत तळमजल्यावर दीड खोली. दाराच्या आत खिळ्यांची रांग, खिळ्याला पिशवी, पिशवीवर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव. मोरीच्या अलीकडे जुन्या नऊवारीची झोळी. आणि कपाटावर दोनशेपानी वही. त्यात नोंदी अशा: "११.२० गुरगुट्या भात अर्धी वाटी, बाकी थुंकला. दुपारी झोप नाही, खिडकीत मांजर." माझ्या मुलाचा दिवस मला त्या वहीत वाचायला मिळतो.

सकाळी पावणेआठला सोडते, स्लो पकडून परळ. परत घ्यायला सव्वासात. गाड्या रखडल्या की काकू वरणभात भरवून ठेवतात आणि वर एका शब्दाने बोलत नाहीत. महिना ३५०० रुपये. अशी नऊ मुलं आहेत.

आता चाळ पुनर्विकासाला गेली. दिवाळीनंतर खोल्या खाली करायच्यात. बिल्डर भाडं देतोय, पण ते राहण्याचं. पाळणाघर कुठे करायचं हा प्रश्न करारात कुणाच्या डोक्यातच आला नाही, खरं तर आमच्याही आला नाही. काकू भाड्याची खोली बघायला गेल्या की मालक आधी चहा विचारतो, "पाळणाघर" म्हटलं की हात जोडतो. नवी इमारत तीन वर्षांत म्हणतायत, म्हणजे आपण पाच धरायची. तोवर माझं पोरगं शाळेत गेलेलं असेल. पण काकू ५८ च्या आहेत. पाच वर्षं बंद ठेवून पुन्हा सुरू करतील असं मला वाटत नाही.

जवळचं डेकेअर बघून आले. १४ हजार, साडेसहाला बंद, पुढे अर्ध्या तासाला दंड. साडेसहाला मी कुर्ल्याच्या आसपास लटकत असते.

तर विचारायचं हे की नऊ घरांनी मिळून काकूंसाठी जागा मिळवायची तर कुठून सुरुवात करू? पालिका किंवा सरकार अशा घरगुती पाळणाघराला काही मदत करतं का? ऑफिसकडे मागता येईल का? आमच्या शाखेत ३८ माणसं आहेत, एचआर म्हणतं आपल्याला लागू नाही.

कटिंगचहा
अंगणवाडीत चौकशी केलीत का? फुकट असतं, खाऊपण मिळतो.

स्लोलोकल
केली हो. सेविकाताई चांगल्या आहेत, पण अंगणवाडी दिवसाला साधारण चार तासांची आणि त्यांच्याकडे बसणारी मुलं तीनच्या वरची. त्या आतल्या लहानांना घरी आहार आणि लसीकरण. गंमत म्हणजे त्या ताईंची स्वतःची मुलगीही शेजारणीकडे असते.

सडेतोड_नाना
आमच्या वेळी आजी-आजोबा होते. हल्ली त्यांना गावी ठेवायचं आणि पोरं परक्याच्या दारात.

स्लोलोकल
नाना, सासूबाई देवरुखला आहेत. दोन गाई, आंब्याची कलमं आणि अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूबाई हे सगळं त्या बघतात. तुम्ही आठवडाभर जाऊन गाई बघणार असाल तर मी आजच तिकीट काढते.

एचआरवाली_पण_आपली
नानांना उत्तर मिळालंय, मी कायद्याचं बोलते.

तुमच्या एचआरला दोन गोष्टी विचारा. एक, ३८ हा आकडा फक्त शाखेचा की सगळ्या कंपनीचा? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, सुट्टी १२ वरून २६ आठवडे झाली ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असंही आलं. ५० माणसं, ५० बायका नव्हे, पुरुषही मोजायचे. (फॅक्टरी कायद्यात ३० पेक्षा जास्त महिला कामगार असा वेगळा हिशोब होता, त्यामुळे अजून कित्येक मॅनेजर बायकाच मोजत बसतात.) आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यायची मुभाही त्यात आली. आस्थापना म्हणजे शाखा की कंपनी यावर वाद घालता येतो, म्हणून उत्तर लेखी मागा. तोंडी "लागू नाही" फार स्वस्त पडतं.

दुसरं तुमच्या जास्त कामाचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ५० चा आकडा तोच आहे, पण सोय कंपनीच्या आवारातच हवी असं नाही. सरकारचं, नगरपालिकेचं, खासगी किंवा संस्थेचं सामायिक पाळणाघर चालतं, किंवा चार कंपन्यांनी पैसे एकत्र करून चालवलेलंही. म्हणजे तुमच्या परळच्या टॉवरमधली दहा ऑफिसं मिळून एक करू शकतात.

पण मनातलं सांगू? मी स्वतः माझं बाळ ऑफिसच्या पाळणाघरात ठेवलं नाही. सकाळच्या गर्दीत कडेवर मूल घेऊन लेडीज डब्यात चढून बघा एकदा. पाळणाघर घराजवळच हवं, मुंबईत तर हवंच.

स्लोलोकल
अगदी! हेच मला मांडता येत नव्हतं.

मुलुंडची_माई
मी अकरा वर्षं पाळणाघर चालवतेय, आधी घरी, आता गाळ्यात. काकूंसाठी लिहिते.

सरकारी बाजूला "पाळणा" योजना आहे, मिशन शक्तीखाली २०२२ पासून. आधीचं राजीव गांधी पाळणाघर, मग राष्ट्रीय पाळणाघर योजना, आता हे तिसरं नाव. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं अशी कल्पना, देशभरात १७,००० चं लक्ष्य. सहा महिने ते सहा वर्षांची २५ पर्यंत मुलं, साडेसात तास, एक सेविका, एक मदतनीस. मुंबईत अंगणवाड्या पालिकेच्या नाहीत, राज्याच्या महिला व बालविकास खात्याच्या आहेत, म्हणून वॉर्ड ऑफिसात विचारलंत तर ते तुम्हाला परत पाठवतील. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जायचं. पालिका चालवते त्या बालवाड्या, संस्थांमार्फत, बहुतेक शाळेच्या वर्गात आणि त्याही काही तासांच्याच.

आता खरं बोलते. योजनेतून काकूंना उद्या पैसे मिळणार नाहीत. आणि साडेसात तासात तुमचा परळचा फेरा बसत नाही. अर्ज टाकून ठेवा, पण भरवसा जागेवर ठेवा.

जागा बघताना: तळमजला. केंद्राने २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या त्यात मुलामागे दहा-बारा चौरस फूट धरलेत. माझ्या अनुभवाने वीस धरा, कारण मुलं झोपतात आडवी आणि रुसतात कोपऱ्यात. संडास आतच हवा. गॅस मुलांच्या खोलीत नको. आणि काकूंना सांगा, पालकांशी एका कागदावर करार करा: वेळ, औषध कोण देणार, मूल कोणाच्या हातात द्यायचं. २०१६ साली खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारल्याचा तो व्हिडिओ आला त्यानंतर माझ्याकडे महिनाभर आया दारात उभ्या राहून आत डोकावायच्या. मला राग नाही आला. मी दार उघडंच ठेवायला लागले.

निवृत्त_अभियंता
ताई, तुमच्या आसपास झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, म्हणजे एसआरएच्या इमारती आहेत का? भांडुपला असणारच.

एसआरएच्या योजनेत बिल्डरला फक्त घरं बांधून चालत नाही. ठराविक घरांमागे बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस अशा खोल्या बांधून द्याव्या लागतात आणि त्या मंजूर नकाशावर नावानिशी दाखवलेल्या असतात. ताबा सोसायटीकडे जातो. माझी उमेद या खात्यांच्या फायलीत गेली, त्यामुळे पुढचं काय होतं तेही सांगतो. बालवाडीला कुलूप लागतं. मग आत मंडळाचं सामान जातं, कॅरम जातो, निवडणुकीत पक्षाचं ऑफिस होतं. एवढ्या घरांत पाच वर्षांखालची पोरं किती असतील बघा, आणि त्यांच्या नावाची खोली कॅरम खेळतेय.

सन २०३४ च्या विकास आराखड्यात महिलांसाठी आधार केंद्र वगैरे आरक्षणंही ठेवली आहेत. चांगलं आहे. पण आरक्षण नकाशावर असतं, त्याला झोळी टांगता येत नाही. बांधलेली खोली शोधा.

करायचं असं: इमारत हेरा, खालून एक चक्कर मारा, बंद खोलीवर "बालवाडी" रंगवलेलं बऱ्याचदा अजून दिसतं. सेक्रेटरीला भेटा, गोडीने. काम झालं नाही तर वांद्रे पूर्वेला एसआरएच्या ऑफिसात माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागा. त्यांचं स्वतःचं सहकार खातं आहे, तक्रार तिथे करता येते. पण तक्रार आधी करू नका. ज्या दारात रोज पोर सोडायचंय तिथे भांडणाने शिरू नये.

कटिंगचहा
अभियंता साहेब, बालवाडीच्या खोलीत पैसे घेऊन पाळणाघर चालतं का? वापर बदलला म्हणतील.

निवृत्त_अभियंता
प्रश्न रास्त आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, आणि ठरावात लिहा की बालवाडीची जागा मुलांसाठीच वापरली जाईल, सोसायटीतल्या मुलांना आधी प्रवेश आणि कमी फी. खोली भाड्याने दिली असं न लिहिता देखभाल खर्च घेतला असं लिहा. कुणी हरकत घेतलीच तर कॅरमपेक्षा पाळणाघर बालवाडीच्या जवळचं आहे हे सांगायला वकील लागत नाही.

बांधकामवाला_भाचा
एक जोड. मुंबई मोबाईल क्रेशेस म्हणून संस्था आहे, १९७२ पासून बांधकामाच्या साइटवर मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते. आमच्या साइटवर होतं. पत्र्याची शेड, पण आत येताना चपला ओळीत आणि मुलांचे हात धुतलेले. काकूंनी एकदा असं पाळणाघर बघून यावं.

स्लोलोकल
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, पोराला ताप होता.

सापडली! आमच्या गल्लीपासून चालत सहा मिनिटांवर सात मजली एसआरए बिल्डिंग. मी रोज स्टेशनला तिच्यावरूनच जाते. जिन्याच्या बाजूला बंद दार, वर निळ्या रंगात "बालवा", "डी" वर मीटरची पेटी बसवलेली. सेक्रेटरी घरीच होते. आधी म्हणाले चावी अध्यक्षांकडे, अध्यक्ष म्हणाले मंडळाकडे, मंडळाच्या पोराने खिशातून काढली. आत मखराचे थर्माकोलचे खांब, दोन ढोल, फाटका बॅनर आणि धूळ. पण खिडकी मोठी, पंख्याचा हूक आहे, संडास आतच आहे. पावलांनी मोजली, तीनशे चौरस फुटांच्या आसपास.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. गरजच पडली नाही. त्यांच्याच बिल्डिंगमधल्या पाच जणी कामाला जातात, त्यातली एक मुलाला बहिणीकडे विक्रोळीला सोडून मग कामावर जाते. सभेत तीच उभी राहिली. मी बाहेरची, मला तर बोलायलाही दिलं नसतं. ठराव झाला. देखभालीचे २००० आणि लाइट बिल वेगळं. अट एकच, गणपतीचे दहा दिवस खोली मंडळाला. काकू म्हणाल्या, चालेल, तेव्हा पोरं पण गावीच असतात.

काकूंना दाखवायला नेलं. त्यांनी खोली बघितलीच नाही. आधी नळ सोडून बघितला, मग खिडकीच्या गजांतून मुठीएवढी जागा आहे का ते बघितलं, मग वर बघत राहिल्या. झोळी कुठे टांगणार? चाळीत लाकडाचा वासा होता. इथे स्लॅब, आणि एकुलता हूक पंख्याचा. सेक्रेटरी म्हणतात ड्रिल मारा, काकू म्हणतात स्लॅबला भोक पाडलं तर उद्या गळतीचा आळ माझ्यावर. अभियंता साहेब, काय करू?

फी ४००० होतेय, सगळ्या आयांनी मान्य केलीय. ऑफिसने लेखी उत्तर अजून दिलेलं नाही. बालविकास प्रकल्पाच्या ऑफिसात अर्ज दिलाय, पोच घेतली आहे.

मुलुंडची_माई
पोच जपून ठेवा. गणपतीच्या दहा दिवसांची फी घ्यायची की नाही ते आत्ताच ठरवा, नंतर कटकट होते.

निवृत्त_अभियंता
स्लॅबला भोक नको, आत वायरिंगच्या नळ्या असतात. आणि पंख्याच्या हुकाला तर मूल अजिबात टांगू नका. झोळीचा लोखंडी स्टँड मिळतो, घडी होणारा. खालचे पाय रुंद असलेला घ्या आणि पायांना रबरी बूच आहेत का बघा, लादीवर सरकतो. काकूंना म्हणावं नऊवारी तीच चालेल.