पोर्तुगीज पासपोर्ट काढावा का?

डिचोलीकर: माझे आजोबा १९४७ चे, जन्म पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातल्या डिचोलीचा. त्यांच्या पोर्तुगीज जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. धाकटा भाऊ म्हणतो, त्या दाखल्यावर लिस्बनला नोंद करू, पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ आणि इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊ. आई दोन दिवस धड जेवलेली नाही. जाण्यात काही अर्थ उरलाय का?

फोंडेकर: स्विंडनचं विसरा. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, त्यामुळे २०२१ पासून नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवरही ब्रिटनमध्ये कामासाठी व्हिसा लागतो. युनियनमधले आयर्लंड, जर्मनी मात्र खुले आहेत.

स्विंडनहून एक ताई: मी २०१४ ला आले, गोदामात रात्रपाळी केली. सेटल्ड स्टेटस, म्हणजे आधीपासून इथे असलेल्या युरोपीय नागरिकांना मिळणारा कायम राहण्याचा हक्क, मिळालं म्हणून टिकले. २०२५ मध्ये इथल्या सरकारने कायम वास्तव्याची अट पाचवरून दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा व्हिसावरच्या मुलींचे चेहरे उतरलेले पाहिले. भावाला एवढं नक्की सांगा, परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, दोन्ही ठेवता येत नाहीत. चवथीला घरी आले, बाबा गणपतीवर टांगायच्या माटोळीला सुपारीचे घोस बांधत होते. मतदार यादीत त्यांचं नाव आहे, माझं नाही. ते अजून सलतं.

डिचोलीकर: ताई, भावाला वाचून दाखवलं. गप्प बसलाय. कागद तूर्त कपाटात ठेवलेत.