‘थिंगमाजिग’ला आपल्याकडे काय म्हणायचं?

प्रश्न : भाचा यवतमाळजवळच्या गावात बसून अमेरिकेतल्या लोकांशी कॉलवर बोलतो. ‘काइंड ऑफ’, ‘सिक्सिश’ आणि परवा तर ‘थिंगमाजिग’! याला धड मराठी शब्द आहे का?

उत्तर : आहे की, वावरात आहे. काल मोठेबाबा फवारणीचा पंप खोलून बसले होते. म्हणाले, “थे दे बरं... थे बारकं, काय म्हंते त्याले!” मी वायसर दिला. नाव त्यांना पाठ आहे, फक्त ऐन वेळी तोंडाशी आलं नाही. इंग्रजीतलं ‘व्हॉटचमकॉलिट’ म्हणजे हेच. ‘व्हॉट यू मे कॉल इट’ भरभर म्हणून पाहा. ‘थिंगमाजिग’ म्हणजे ‘थिंग’ला लावलेलं शेपूट, ‘अमकं-ढमकं’मधल्या ढमक्यासारखं.

खरी गंमत ‘थिंग’मध्ये आहे. जुन्या इंग्रजीत ‘थिंग’ म्हणजे सभा. इ.स. 930 पासूनच्या आइसलँडच्या संसदेचं नाव अजूनही ‘अल्थिंग’च आहे. सभेवरून अर्थ सरकला सभेपुढच्या विषयावर, तिथून कुठल्याही बाबीवर, आणि शेवटी वायसरवरसुद्धा. आपली ‘गोष्ट’ याच वाटेनं आली. संस्कृत ‘गोष्ठी’ म्हणजे बैठक, आणि तिच्या मागे ‘गोष्ठ’, म्हणजे गाईंचा गोठा, आपल्याकडचा कोठा. (आमच्या कोठ्यासमोर संध्याकाळी कोण कोण बसतं ते पाहिलं की ही व्युत्पत्ती लगेच पटते.)

‘काइंड ऑफ’चं ‘एक प्रकारे’ मात्र करू नका. साहेब ‘आय काइंड ऑफ नीड इट टुडे’ म्हणाला तर काम आजच पाहिजे, त्यानं फक्त आवाज मऊ केला. तिथे आपला ‘जरा’ बसतो. ‘जरा इकडे ये बरं’ म्हटल्यावर कोणी अर्धामुर्धा येत नाही.

‘सिक्सिश’ म्हणजे सहाच्या आसपास. त्यातला ‘इश’ खुद्द ‘इंग्लिश’च्या शेपटीलाही आहे. आधी तो लोकांच्या नावांना लागे, मग ‘ब्लूइश’सारखा रंगांना, आणि घड्याळाला लागला तो विसाव्या शतकात. आपण ‘पन्नासेक माणसं’ म्हणतो, तसाच.

प्रश्न : पण भाचा सहाला बसला, अन् समोरचा आला सहा वीसला!

उत्तर : मग त्यानं ‘सहा वाजता’ ऐकलं, तिथे चुकलं. आमच्याकडे हीच वेळ ‘दिवाबत्तीच्या टायमाले’ अशी सांगतात. हिवाळ्यात हा टाइम सहाच्या आधीच होतो, मे महिन्यात सातला.