सवय शरीराला होत नाही

"शरीराला औषधाची सवय होते म्हणून ते चालेनासं होतं" असं बरेचदा म्हटलं जातं, ते काही पटलं नाही, बदलतात त्या कॅन्सरच्या पेशी. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) एका प्रकारावरचं औषध इमॅटिनिब, त्याला २००१ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी कॅन्सर संशोधक चार्ल्स सॉयर्स यांच्या टीमने ल्युकेमिया पुन्हा उलटलेल्या पेशंटच्या पेशी तपासल्या, तर काहींच्या बीसीआर-एबीएल प्रोटीनमध्ये (हा कॅन्सर वाढवणारं प्रोटीन, औषध यालाच चिकटून ते बंद पाडतं) ३१५ व्या जागचं एकच अमिनो आम्ल (प्रोटीनचा छोटा घटक) बदललेलं, बस्स, तेवढ्यानं औषध तिथे बसेचना! काहींमध्ये हे प्रोटीन बनवणाऱ्या जीनच्या प्रतीच वाढलेल्या.

पुढे दासाटिनिब हे दुसरं औषध आलं, ते अशा बऱ्याच म्युटेशनवर (जीनमधल्या बदलांवर) चाललं पण या ३१५ वाल्यावर नाही, त्यासाठी २०१२ मध्ये पोनाटिनिब हे आणखी एक औषध यावं लागलं. म्हणून आजार उलटला की म्युटेशनची टेस्ट करायलाच हवी, ३१५ वालं म्युटेशन असेल तर नुसता डोस वाढवून काही होत नाही.