राउटरचे पक्के अँटेना काढून सुटे बसवावेत का?

चिरेबंदी (धागाकर्ता)
मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे झोडपायला सोपं. घरगुती राउटरला न निघणारे अँटेना देणं ही कंपन्यांची काटकसर आहे. ज्याला नीट सोल्डरिंग येतं त्याने ते काढावेत आणि तिथे आरपी-एसएमए सॉकेट (अँटेना फिरवून बसवायचे आट्यांचे जोड) बसवावेत. २००२ च्या अखेरीस लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर आला, त्याचे अँटेना फिरवून काढता यायचे. लोकांनी त्यावर हवे तसे अँटेना लावले, आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवातही त्याच डब्यापासून झाली. आज वेग कुठल्या कुठे गेलाय, पण बहुतेक स्वस्त राउटरची शिंगं कायमची डकवलेली.

माझी गरज अशी: रत्नागिरीकडे चिऱ्याचं घर, राउटर ओटीच्या खिडकीत. खळ्यापलीकडे साधारण चाळीस मीटरवर मांगर (शेतमालाची खोपी), मध्ये आंब्याची कलमं. हंगामात पेट्या मांगरात भरतात, ऑर्डरी फोनवर येतात आणि तिथे वायफायची एक काडी दिसली तर नशीब. मोबाइलची रेंज त्याहून वाईट. खिडकीबाहेर मांगराकडे तोंड करून पॅनेल अँटेना (एकाच दिशेला सिग्नल फेकणारा चपटा अँटेना) लावायचा विचार आहे. राउटर स्वतःचा आहे, वॉरंटी संपली आहे, त्यामुळे तो मुद्दा कृपया नको.

दुरुस्तीवाला
विरोध, आणि तो दुकानातल्या टेबलावरून. यूट्यूब बघून अँटेना उपटलेले बोर्ड आमच्याकडे येतात. अँटेनाच्या केबलची जाळी जिथे सोल्डर केलेली असते तो पॅड अख्ख्या ग्राउंडच्या तांब्याला जोडलेला असतो. तो उष्णता पितो. सोल्डर वितळत नाही म्हणून माणूस लहान आयर्न दाबून धरतो आणि शेवटी पॅडच उखडून हातात येतो. मग राउटर चालू दिसतो, दिवे लागतात, रेंज पहिल्यापेक्षा कमी. शिवाय वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. केबलची सोललेली अर्धा सेंटिमीटर शेपूट तिथे नुसती वायर राहत नाही, तिचा परिणाम होतो.

एक अपवाद. काही बोर्डांवर केबल सोल्डर केलेली नसते, इवल्याशा यू.एफएल क्लिपने दाबून बसवलेली असते. तसं असेल तर माझा विरोध बराचसा मागे. फक्त सारखी काढ-घाल नको, ती क्लिप तीसेक वेळांसाठीच बनवलेली असते. आधी डबा उघडून बघा, मग धागा काढा.

मधली_आळी
+१. सुट्या अँटेनाचे राउटर आजही मिळतात. नवा घ्या आणि झोपा.

चिरेबंदी
@मधली_आळी, चालती वस्तू टाकून नवी घ्यायची हा सल्ला कुठल्याही धाग्यावर चालतो.

डेसिबेल_ताई
दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

अँटेना वीज तयार करत नाही. आहे तीच शक्ती कुठे जास्त, कुठे कमी पाठवायची एवढंच तो ठरवतो. राउटरच्या उभ्या दांड्याचा सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, मधलं भोक म्हणजे दांड्याची टोकं. पाच डीबीआयचा (अँटेना एका दिशेला किती जोर देतो ते डेसिबेलमध्ये मोजायचं एकक) दांडा काढून नऊचा लावला की वडा दाबल्यासारखा चपटा आणि रुंद होतो. त्याच मजल्यावर लांब पोचेल, वरच्या माळ्यावर कमी. त्यामुळे ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला रेंज नाही म्हणून कोणी मोठे दांडे लावणार असेल तर माझं मत स्पष्ट ‘नको’. तिथे अडथळा भिंतींचा असतो, राउटर घराच्या मध्यावर आणा.

चिरेबंदींचं प्रकरण वेगळं आहे. दिशा एक, अंतर ठरलेलं. इथे पॅनेलला अर्थ आहे, आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही: अँटेनाचा फायदा दोन्हीकडे मिळतो. सेटिंगमधून राउटरची पॉवर वाढवली तर राउटर मोठ्याने ओरडतो, पण फोनचा बारीक आवाज त्याला तेवढाच ऐकू येतो. चांगला अँटेना ऐकतोही चांगलं.

आता वाईट बातमी. आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण एक डेसिबेल खाते. राउटर आत ठेवून पाच मीटर केबल ओढलीत तर नऊ डीबीआयच्या पॅनेलचे उरले चार, म्हणजे मूळच्या दांड्याच्या आसपास. सगळा खटाटोप केबलच्या पोटात. राउटर खिडकीलाच आहे ना? मग केबल मीटरभराच्या आत ठेवा.

आणि राउटर दोन अँटेनांचा असेल तर एक बदलून एक तसाच ठेवू नका. दोन तोंडांचं, आडवं-उभं दोन्ही ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा) असलेलं पॅनेल घ्या, नाहीतर राउटर एकाच वेळी पाठवतो त्या डेटाच्या दोन प्रवाहांतला एक लंगडा पडेल.

केबलकाका
आमच्याकडे डिशची आरजी-६ केबल गुंडाळी करून पडली आहे. ती वापरली तर?

मधली_आळी
काका, ती ७५ ओहम अवरोधाची, वायफाय ५० ओहमचं, दोन्ही जुळायला हवेत. अजिबात चालणार नाही.

डेसिबेल_ताई
चालेल हो. ५० वरून ७५ ला जाताना फक्त चार टक्के शक्ती परत फिरते, म्हणजे डेसिबेलचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. उलट आरजी-६ ही आरजी-५८ पेक्षा कमी खाते. खरी कटकट दोन्ही टोकांच्या अडॅप्टरांची, स्वस्तातले घेतलेत की तिथे जास्त जाईल.

सरकारी_कारभार
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, पण प्रसारित शक्तीला चार वॅटची मर्यादा आहे. १०० मिलिवॅटचा राउटर आणि नऊ डीबीआयचं पॅनेल, म्हणजे आठपट धरा, ०.८ वॅट. मर्यादेत. उद्या हौसेने २४ डीबीआयची जाळीदार डिश लावलीत तर तोच राउटर २५ वॅटच्या हिशेबात जातो.

अवांतर: पक्के अँटेना फक्त काटकसरीपोटी, हे मान्य नाही. अमेरिकेत एफसीसीचा (तिथली दूरसंचार नियामक संस्था) नियमच आहे की अँटेना एकतर पक्का हवा, नाहीतर त्याचा जोड सर्रास न मिळणारा हवा. आरपी-एसएमए हे उलटं कनेक्टर त्यातूनच आलं. सर्रास न मिळणारा जोड आज कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बरणीत भरून ठेवलेला असतो ही गोष्ट निराळी. घेताना आत बघा: एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक हवं. साधं एसएमए घेतलंत तर आटे बसतील आणि आत भोकासमोर भोक.

तांबं_नको_काच_हवी
मुळात अँटेनाच कशाला? चाळीस मीटर अंतर आहे, लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते. मांगरात दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारा डबा) लावा. पावसात भिजलेली कलमाची पानं २.४ ला चांगलाच अडथळा करतात, ते पॅनेल बदलून सुटणार नाही.

चिरेबंदी
मांगर-घर तांब्याची केबल म्हणजे विजेला आमंत्रण. वळवाच्या पावसात गावात टीव्ही, मोडेम, पंपाचे स्टार्टर उडतात. आणि पानांचं म्हणाल तर मला मार्च ते मे एवढीच रेंज हवी आहे, आषाढात मांगरात कोण बसतंय?

तांबं_नको_काच_हवी
आयडी वाचा माझा. फायबर टाका, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन केबलशी जोडणारे डबे). काचेतून वीज येत नाही.

चिरेबंदी
आणि जांभ्यात चर कोण खणणार? वरून टाकली तर उंदीर-माकडं आहेतच. पॅनेल एका दुपारचं काम आहे.

दुरुस्तीवाला
एका दुपारचं काम म्हणणाऱ्यांचेच बोर्ड आमच्याकडे येतात. असो. करणारच असाल तर जाड टोकाचं, जास्त वॅटचं आयर्न घ्या, फ्लक्स भरपूर, आणि जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर चढवा, लवकर सुटतं. अँटेना न जोडता राउटर चालू करू नका. बाहेरच्या जोडावर रबरी टेप, आणि केबल खिडकीत शिरण्याआधी खाली झोळ सोडा, नाहीतर पाणी केबलवरून थेट राउटरमध्ये.

चिरेबंदी
डबा उघडला. २.४ चे दोन्ही सोल्डर केलेले, ५ गिगाहर्ट्झचे क्लिपवाले. म्हणजे जे हवं तेच अवघड. तरी करणार आहे. ताई, दोन तोंडांच्या पॅनेलला दोन्ही केबल एकाच लांबीच्या लागतात का?

डेसिबेल_ताई
अगदी मोजून नको, पण एक हातभर आणि एक पाच मीटर असं करू नका. आणि मांगराच्या भिंती चिऱ्याच्याच असतील तर पेट्या भरायचं टेबल दाराशी घ्या.