ठेकेदार पगारातले पैसे परत घेतो, घटनेत काही आधार आहे का?

आई एमआयडीसीत साफसफाईला आहे, ठेकेदाराकडे. बँकेत किमान वेतन पूर्ण जमा होतं पण दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर सगळ्या बायकांकडून त्यातले पैसे रोख परत घेतो, नाही दिले तर उद्यापासून येऊ नको म्हणतो. कलम ४३ मध्ये निर्वाह वेतन आहे ना, मग थेट कोर्टात जाता येतं का?

— ताई, ४३ मार्गदर्शक तत्त्वांत येतं, आणि कलम ३७ नुसार नुसत्या त्यावर कोर्टात दाद मागता येत नाही. पण कलम २३ बघा, वेठबिगारीवर बंदी, तो मूलभूत हक्क आहे आणि खाजगी मालकालाही लागू. १९८२ च्या एशियाड (दिल्लीतले आशियाई खेळ) बांधकामांवरच्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणं म्हणजे सक्तीची मजुरीच, कारण गरिबीने लादलेली मजबुरीही सक्तीच असते. माझ्या मते कामगारांसाठी याहून मोठा निकाल नाही.

— त्यात भर, पुढच्याच वर्षी राजस्थानच्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनाही कोर्टाने हेच लागू केलं.

— निकाल बरोबर आहेत पण आधी कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या, एकटीने नको, सगळ्या बायकांच्या सह्या घ्या. पासबुकात पगाराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच सारखी रक्कम काढलेली दिसेल, तोच पुरावा. सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका. आणि तक्रारीत कंपनीचंही नाव घाला, ठेकेदाराने वेतन बुडवलं तर जबाबदारी मूळ मालकावर येते.

— धन्यवाद दादा, आईला आजच सांगते, सहा-सात जणी तरी तयार होतील.